केळीच्या धाग्याचं पॅनल आणि मामांची गादी

धुळ्याला देवपुरात माझे मामा राहतात. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि वरच्या मजल्यावरची एक खोली त्यांनी फक्त गाणं ऐकायला ठेवली. बारा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट. खाली नवी फरशी, भिंतींना पुट्टी आणि गुळगुळीत रंग, एक दिवाण, समोर दोन स्पीकर आणि कपाटात आयुष्यभर जमवलेल्या रेकॉर्ड्स न् कॅसेट्स. पहिल्याच दिवशी त्यांचा फोन आला, ‘आवाज घुमस रे.’ टाळी वाजवली की खोली काही वेळ वाजतच राहते.

मग इंटिरियरच्या एका दुकानातून त्यांनी सहा शोभेचे अकौस्टिक पॅनल आणले. दोन बाय दोन फुटांचे, एक इंच जाडीचे, वर वारली चित्रांचं कापड. कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरांत ‘एनआरसी ०.८५’. पॅनल भिंतीला चिकटवले, खोली खरंच छान दिसायला लागली. टाळीचा कल्लोळही बराच कमी झाला. पण गाणं? मामांच्या शब्दांत सांगायचं तर गायकाच्या तोंडावर कुणीतरी रुमाल धरलाय आणि डग्गा मात्र शेजारच्या खोलीत ढुमढुमतोय. पैसे खर्च झाले होते, पॅनल परत होणार नव्हते. आणि भाचा ‘आवाजावर पीएच.डी.’ करतो म्हटल्यावर जाब मलाच विचारला गेला.

गंमत अशी, की त्याच महिन्यात मी माझा सिनॉप्सिस घेऊन गाईडसमोर बसलो होतो. विषय : केळीच्या खोडाच्या धाग्यापासून घरगुती ध्वनिशोषक पॅनल. जळगावात राहून हा विषय सुचला नसता तरच नवल. रावेर, यावल, चोपड्याकडे गेलात तर घड उतरवून झाल्यावर उरलेले खांब बांधाला पडलेले दिसतील. त्यांचं करायचं काय हा शेतकऱ्याचा खराखुरा प्रश्न आहे. त्या खोडातून धागा निघतो, धागा सच्छिद्र असतो, सच्छिद्र वस्तू आवाज शोषते, म्हणजे झालं काम! मी वीस-पंचवीस शोधनिबंध वाचले होते आणि सगळ्यांचा निष्कर्ष एकच होता, की केळीचा धागा उत्तम ध्वनिशोषक आहे.

सरांनी सिनॉप्सिस बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, ‘कापसाच्या गादीपेक्षा चांगला आहे का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाईट म्हणजे मी वाचलेल्या बहुतेक निबंधांकडेही नव्हतं. मामांचं पॅनल आणि माझा सिनॉप्सिस दोन्ही एकाच ठिकाणी फसले होते, हे मला त्या दिवशी कळलं. ते ठिकाण नेमकं कुठलं, हे जरा सविस्तर बघू. तुम्ही ‘पेट’ची तयारी करत असाल किंवा विषय शोधत असाल, तर तुमचा विषय आवाजाचा नसला तरी हा घोळ तुमच्या वाट्याला येणारच आहे.

एनआरसी हा आकडा बनतो कसा?

आधी ध्वनिशोषण गुणांक. पृष्ठभागावर आदळलेल्या ध्वनिऊर्जेपैकी जितका भाग परत येत नाही, तो हा गुणांक. शून्य म्हणजे सगळा आवाज परत, एक म्हणजे काहीच परत नाही. उघडी खिडकी हे एकचं उत्तम उदाहरण. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात डोक्यावर छतच नाही, म्हणजे वर गेलेला आवाज गेलाच. अकौस्टिक्सच्या भाषेत ते आकाश शंभर टक्के शोषक आहे.

हा गुणांक वारंवारतेनुसार बदलतो. तोच पदार्थ सतारीच्या झंकाराला खाऊन टाकेल आणि डग्ग्याला हातही लावणार नाही. एनआरसी म्हणजे २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार ठिकाणच्या गुणांकांची सरासरी, जवळच्या ०.०५ पर्यंत पूर्ण केलेली. झालं, एवढंच.

आता समजा दोन पॅनल आहेत. पहिल्याचे गुणांक ०.२०, ०.७०, ०.९० आणि १.००. दुसऱ्याचे ०.६०, ०.७०, ०.७५ आणि ०.७५. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. दोन्हींची सरासरी ०.७०. कॅटलॉगमध्ये दोघे जुळे भाऊ, पण खोलीत लावले तर दोन वेगळ्या खोल्या ऐकू येतील. आणि २५० हर्ट्झच्या खाली काय चाललंय याचा या आकड्यात मागमूसही नाही.

पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर येतो आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. ज्या आकड्याच्या भरवशावर मामांनी पॅनल घेतले, तो आकडा त्यांच्या आवडत्या गाण्याच्या ‘सा’पर्यंतसुद्धा खाली उतरत नाही.

म्हणजे दुकानदाराने फसवलं का? नाही. कॅटलॉग मी नंतर शेवटच्या पानापर्यंत वाचला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘चाचणी : ५० मिलिमीटर हवेच्या पोकळीसह’. मामांनी पॅनल थेट भिंतीला चिकटवले होते. ०.८५ हा आकडा पॅनलचा नव्हताच. तो पॅनल, त्यामागची दोन इंच हवा आणि मागची भिंत या तिघांचा मिळून होता.

एक इंच पुरत नाही, ते का?

सच्छिद्र शोषक काम कसा करतो ते बघा. आवाज म्हणजे हवेच्या कणांची पुढे-मागे हालचाल. ही हालचाल धाग्यांच्या फटींतून होते तेव्हा घर्षण होतं आणि आवाजाच्या ऊर्जेची थोडी उष्णता होते. म्हणजे शोषण व्हायला हवा हलली पाहिजे. पण अगदी भिंतीला लागून हवा हलूच शकत नाही, समोर भिंत आहे ना! हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर.

१००० हर्ट्झला तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, पाव म्हणजे साडेआठ. एक इंचाचं पॅनल तिथे पूर्ण पोहोचत नसलं तरी बऱ्यापैकी काम करतं. १०० हर्ट्झला तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर, पाव म्हणजे ८५ सेंटिमीटर. खर्जाच्या ६९ हर्ट्झला पाव तरंगलांबी सव्वा मीटर! तिथे भिंतीला चिकटलेलं एक इंच कापड काय करणार? मागे पोकळी ठेवली तर पॅनल भिंतीपासून दूर, जिथे हवा हलते तिथे जातं आणि त्याच पॅनलचा गुणांक वाढतो.

मला पहिल्यांदा पटायला जड गेलेली गोष्ट हीच. ध्वनिशोषण गुणांक हा घनतेसारखा पदार्थाचा स्वतःचा गुणधर्म नाही. त्यात जाडी येते, मागची पोकळी येते, आवाज कोणत्या कोनातून आला ते येतं, तुकडा केवढा होता तेसुद्धा येतं. म्हणून ‘केळीचा धागा उत्तम शोषक आहे’ हे वाक्य व्याकरणाने पूर्ण असलं तरी भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अर्धंच आहे. किती जाडीचा? किती दाबलेला? मागे काय? आणि कोणत्या वारंवारतेला?

खोलीचा हिशेब

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं, की बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास टिकायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्याने काय केलं? शेजारच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणल्या आणि रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवून मोजमाप सुरू केलं. इतक्या गाद्या ठेवल्या तर आवाज किती वेळात विरतो, आणखी ठेवल्या तर किती. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही आपण वापरतो : निनादकाळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण. हेच ज्ञान वापरून बांधलेला बोस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली उघडला.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. सॅबिनने सुरुवातीला शोषण मोजलं ते गाद्यांच्या मापात. ‘उघडी खिडकी’ हे एकक नंतर आलं. आपल्या विषयातला पहिला तुलनेचा पदार्थ गादीच होती. सरांचा प्रश्न काही गमतीचा नव्हता!

आता मामांची खोली. घनफळ सुमारे ३४ घनमीटर, सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ ६३ चौरस मीटर. फरशी आणि पुट्टीचा गुणांक सरसकट ०.०३ धरू. शोषण होतं १.९ चौरस मीटर आणि रिकाम्या खोलीचा निनादकाळ २.९ सेकंद. सहा पॅनल मिळून सव्वादोन चौरस मीटर. कॅटलॉगवर पूर्ण विश्वास ठेवून ०.८५ धरलं तर शोषणात आणखी १.९ ची भर आणि निनादकाळ निम्मा, १.४ सेकंद. भिंतींचा केवळ वीसावा भाग झाकून निनाद निम्मा झाला, म्हणजे पॅनल निकामी नाहीत. पण १२५ हर्ट्झला हेच पॅनल ०.१ गुणांकाचं धरा. निनादकाळ २.९ वरून जेमतेम २.६ वर येतो. वरचे स्वर निम्म्या वेळात विझतात, खालचे तसेच रेंगाळतात. मामांच्या ‘रुमाल आणि ढुमढुम’ या वर्णनाचा हा सरळ हिशेब आहे.

थांबा, या हिशेबात मीसुद्धा एक चूक केली आहे. ती तुम्हाला दिसली का?

सॅबिनचं सूत्र असं धरून चालतं, की खोलीत आवाज सगळीकडे सारखा पसरलाय. मोठ्या सभागृहात ते चालतं. छोट्या खोलीत कमी वारंवारतेला आवाज पसरत नाही, तो ठरावीक स्वरांवर, ठरावीक जागी साचतो. ही सीमा किती ते काढायचं सोपं सूत्र श्रोडर यांनी दिलं : निनादकाळ भागिले घनफळ, त्याचं वर्गमूळ गुणिले २०००. मामांच्या खोलीसाठी हे येतं सुमारे ४०० हर्ट्झ. म्हणजे १२५ हर्ट्झचा ‘२.६ सेकंद’ हा माझा आकडा दिशा दाखवतो, पण मोजमाप म्हणून त्याला अर्थ नाही. तिथे बघायला हवेत ते खोलीचे स्वतःचे स्वर : लांबीच्या दिशेने ४७ हर्ट्झ, रुंदीच्या दिशेने ५६ आणि उंचीच्या दिशेनेही ५६. रुंदी आणि उंची सारखीच, त्यामुळे एकाच स्वराला दोन दिशांनी जोर. हे बांधकामातच ठरलं, त्याला वारली चित्रं काय करणार?

सूत्र बरोबर, गणित बरोबर आणि तरी उत्तर बिनअर्थाचं, असं होऊ शकतं. शोधनिबंध वाचताना ‘गणित तपासलं’ म्हणून समाधान मानू नका. सूत्र ज्या अटींवर उभं आहे त्या इथे लागू आहेत का, ते आधी विचारा.

आता केळीच्या निबंधांकडे

कोणा एकाचं नाव घेऊन टीका करण्यात अर्थ नाही, कारण साचा सगळीकडे सारखाच आहे. प्रस्तावनेत शेतीतला कचरा आणि पर्यावरण. मग धागा काढला, क्षाराने धुतला, रेझिनमध्ये दाबला, चकती कापली, इम्पीडन्स ट्यूबमध्ये घातली. आलेख निघाला. आलेखाचं सर्वांत उंच टोक सारांशात गेलं. शेवटी ‘पर्यावरणपूरक पर्याय’.

आधी चांगलं ते सांगतो. इम्पीडन्स ट्यूब हे प्रामाणिक साधन आहे. थोड्या साहित्यात, थोड्या वेळात, प्रमाणित पद्धतीने मोजमाप मिळतं. वेगवेगळ्या जाडीच्या चकत्यांची आपसात तुलना करायला याहून सोयीचं काही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या विद्यार्थ्याला परवडेल असं संशोधन यातून होतं आणि त्याची टर उडवणं सोपं असलं तरी योग्य नाही. माझी तक्रार मोजमापाबद्दल नाही. मोजमापातून निष्कर्षापर्यंत मारलेल्या उडीबद्दल आहे.

पहिली उडी चकतीपासून भिंतीपर्यंतची. मोठ्या ट्यूबमधली चकती साधारण १०० मिलिमीटर व्यासाची, छोट्या ट्यूबमधली तर रुपयाच्या नाण्याहून थोडीच मोठी. आवाज तिच्यावर सरळ नाकासमोर येऊन आदळतो. खोलीत आवाज सगळ्या कोनांतून येतो. त्यासाठी वेगळी चाचणी आहे, निनाद-कक्षातली. तिला किमान १५० घनमीटरची खोली आणि १० ते १२ चौरस मीटरचा नमुना लागतो. म्हणजे चकतीच्या हजारपटीहून मोठा. गणित करून बघा : १० चौरस मीटर, एक इंच जाडी, घनता घनमीटरला १०० किलो, तर २५ किलो धागा लागेल. सर म्हणाले, ‘पंचवीस किलो एकसारखा धागा काढून दाखव, तेवढ्यातच तुझा एक प्रकरणभर अभ्यास होईल.’ खरंच आहे. खोडाच्या बाहेरच्या थराचा धागा आणि आतल्या थराचा धागा सारखा नसतो. तीन चकत्या एकाच खांबातून कापल्या तर ‘पुनरावृत्ती तीन वेळा’ हे नावापुरतंच. खांब तर एकच होता!

दुसरी उडी तुलनेची. ज्या निबंधात तुलना असते तिथेही ती बहुधा काचतंतू किंवा फोमशी, आणि कधी कधी तर दुसऱ्याच्या निबंधातून उचललेल्या आकड्यांशी असते. त्यांची जाडी वेगळी, पोकळी वेगळी. ज्या खान्देशात कापूस पिकतो, घरोघरी कापसाच्या गाद्या आहेत, तिथे केळीच्या पॅनलचा खरा प्रतिस्पर्धी काचतंतू कसा असेल? तो माळ्यावर गुंडाळून ठेवलेली गादीच असणार.

आणि इथे भौतिकशास्त्र केळीच्या बाजूने नाही. तंतुमय शोषकात हवेला होणारा अडथळा, ज्याला प्रवाहरोधकता म्हणतात, ही कळीची राशी. घनता तीच ठेवली तर ती साधारण धाग्याच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. कापसाचा तंतू १५ मायक्रॉनच्या आसपास, केळीचा सुटा केलेला धागा १०० मायक्रॉन किंवा त्याहूनही जाड. सहा-सातपट जाड म्हणजे हवेला अडथळा चाळीसएकपट कमी. एवढ्या विरळ अडथळ्यातून आवाज जातो, भिंतीला लागतो, परत येतो. भरपाई करायची तर जास्त दाबा किंवा जास्त जाड करा. फार दाबलं तर उलटंच, आवाज पृष्ठभागावरूनच मागे फिरतो. म्हणून केळीचा धागा चालणार नाही असं नाही, पण ‘आहे तसा’ चालणार नाही. धागा बारीक करावा लागेल किंवा कापसात मिसळावा लागेल. निबंधाचं खरं काम इथून सुरू व्हायला हवं आणि बहुतेक निबंध इथेच संपतात.

तिसरी उडी ‘पर्यावरणपूरक’ या शब्दाची. धागा केळीचा आणि बांधणी इपॉक्सीची असेल, तर त्या पॅनलचं शेवटी होणार काय? ते ना कुजणार, ना वितळवता येणार. वर रेझिन जास्त झालं तर फटी बुजतात आणि शोषणही जातं. मग आमच्याकडचे रोजचे प्रश्न : मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, पावसाळ्यात भिंतीला ओल येते, वाळवी तर पाचवीला पुजलेली. दोन पावसाळ्यांनंतर पॅनल कसं असेल? घरात लावायची वस्तू आहे, मग ठिणगी पडली तर किती वेळात पेटेल? हे मोजायला ट्यूबपेक्षा जास्त वेळ लागतो. बहुधा म्हणूनच कुणी मोजत नाही.

शोभा आणि शोषण

शोभेच्या पॅनलवरही दोन शब्द बोलायला हवेत, कारण तुमच्यापैकी कुणी ना कुणी घरच्यांसाठी ते शोधतच असेल. पट्ट्यापट्ट्यांचे जे पॅनल हल्ली प्रत्येक नव्या हॉलमध्ये टीव्हीमागे दिसतात, त्यातले काही लाकडी पट्ट्यांमागे नमदा लावलेले असतात. ते थोडंफार शोषण करतात. काही मात्र पूर्ण प्लास्टिकचे किंवा लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचे असतात. दिसायला तसेच, पण त्यात एकही उघडं छिद्र नाही. थर्माकोलचंही तेच. त्यातल्या पेशी बंद असतात, हवा आत जातच नाही. अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला तर कुणाचंच ऐकू नका. ओळखायची सोपी खूण : पॅनलला तोंड लावून फुंकर मारा. हवा थोड्या अडथळ्याने आत गेली तर ते शोषक असू शकतं. गालच फुगले तर ती शोभा आहे. शोभा म्हणून घ्यायला काही हरकत नाही, तेवढ्याच पैशांत.

आणि ‘साउंडप्रूफ’ हा शब्द. खोलीतला निनाद कमी करणं आणि बाहेरचा आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बाहेरचा आवाज अडतो तो भिंतीच्या वजनाने आणि दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्याने. वजन दुप्पट केलं की ढोबळमानाने ६ डेसिबलचा फरक पडतो. मिरवणुकीतला डीजे वारली चित्रांच्या एक इंच पॅनलने थांबत नाही. जुन्या धाब्याच्या घरांत बाहेरचा आवाज कमी यायचा तो हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींमुळे, आणि आत घुमायचं नाही ते गोधड्या, पोती, कपडे यांच्या पसाऱ्यामुळे. एकाच घरात दोन वेगळी कारणं. आपण नवी घरं बांधताना ती दोन्ही काढून टाकली आणि आता त्यातलं एक दुकानातून विकत आणतोय.

पुढे काय झालं

दिवाळीत धुळ्याला गेलो. मामांचे पॅनल उखडले, मागे दोन इंचांच्या लाकडी पट्ट्या ठोकल्या. मग मामी आरसा भिंतीवरून सरकवत गेल्या आणि मामा दिवाणावर बसून बघत राहिले. आरशात जिथे स्पीकर दिसला तिथे पॅनल लावलं, कारण भिंतीवरचं पहिलं परावर्तन तिथूनच येतं. दिवाण मागच्या भिंतीपासून दीड हात पुढे ओढला, कारण कमी स्वर भिंतीलगत सर्वांत जास्त साचतात. आणि माळ्यावरच्या दोन जुन्या गाद्या पिंजाऱ्याकडून पिंजून आणल्या, गुंडाळल्या आणि स्पीकरमागच्या दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या. मामींना ते आवडलं नाही. त्यावर जुन्या साड्यांच्या खोळी चढवायचं ठरलं.

खर्ज पूर्ण सुधारला का? नाही. ५६ हर्ट्झची ढुम अजून आहे, दोन गाद्यांनी ती जाणार नव्हतीच. पण गायकाच्या तोंडावरचा रुमाल गेला. ‘आते बरं वाटस,’ मामा म्हणाले आणि लगेच विचारलं, ‘मग पॅनलचे पैसे फुकट गेले का?’ मी सांगितलं, अर्धे गेले. ते अर्धे वाचले असते, जर विकत घेण्याआधी आपण खोलीला काय झालंय ते विचारलं असतं.

माझा सिनॉप्सिस एका बैठकीने पुढे गेला. सहा महिने गेल्यासारखे वाटले, पण तीन वर्षं वाचली असं आता वाटतं. विषय तोच आहे, केळीचा धागा. प्रश्न बदललाय : तेवढ्याच जाडीच्या आणि तेवढीच पोकळी ठेवलेल्या कापसाच्या थराशी तुलना केली, तर बारीक केलेला केळीचा धागा कापसात किती टक्क्यांपर्यंत मिसळता येतो, जेणेकरून शोषण घटणार नाही? उत्तर ‘शून्य टक्के’ आलं तरी ते उत्तर असेल. आधीच्या सिनॉप्सिसमध्ये हरण्याची सोयच नव्हती. कुठलाही सच्छिद्र धागा ट्यूबमध्ये घातला की कुठल्या तरी वारंवारतेला टोक येतंच, आणि मग ‘उत्तम शोषक’ लिहायला मोकळे.

तुमच्या विषयाचे निबंध वाचायला घ्याल तेव्हा वहीत चार रकाने आखा. आकडा कोणत्या मांडणीत मोजला? तुलना कशाशी केली? ती वस्तू आपल्या गावात खरंच वापरात आहे का? आणि निकाल उलटा आला असता तर लेखकाने काय लिहिलं असतं? माझ्या पंचवीस निबंधांचे रकाने मी परत भरले तेव्हा चौथा जवळपास सगळीकडे रिकामा राहिला. माझ्या स्वतःच्या पहिल्या सिनॉप्सिसचाही.

पुढच्या आठवड्यात यावलला जातोय. बाहेरच्या आणि आतल्या थरांचा धागा वेगवेगळा काढून द्यायला एक शेतकरी काका तयार झालेत. पंचवीस किलो म्हटल्यावर ते हसले, म्हणाले, ‘खांब हवे तेवढे ने, पण वाहून तूच ने.’